तांदळातला सोंडा, पिठातला भुंगेरा, मुगातला भुंगा: किडा ओळखायचा कसा आणि मग करायचं काय

पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी एक फोटो पडतोच, ताटलीत तांदूळ, त्यात काळे ठिपके आणि खाली प्रश्न, "काय टाकू?" मग दहा मिनिटांत दहा उत्तरं, कोणी बोरिक पावडर सांगतं, कोणी कडुलिंब, कोणी लवंगा, आणि कोणीतरी गोदामात वापरतात त्या गोळ्या. पण किडा कुठला आहे हे कोणी विचारतच नाही. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, किडे बघायचा नाद जुना आहे, घरातले पण आणि इथल्या येऊरच्या जंगलातले पण, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझं म्हणणं एवढंच की आधी किडा ओळखा. तांदळातला, पिठातला आणि मुगातला किडा हे तीन वेगळ्या कुळांतले आहेत, तिघांची अंडी घालायची जागा वेगळी आणि उपाय त्या जागेवरच ठरतो, किड्याच्या रंगावर नाही.

सामान फार लागत नाही. एक पांढरी ताटली, मोबाइलचा टॉर्च, आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा मॅक्रो मोड चालतो. किडा पळत असेल तर झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून फ्रिजमध्ये (खालच्या खणात हं, फ्रीझरमध्ये नाही) पाच-दहा मिनिटं ठेवा, तो सुस्त होतो, मरत नाही, तेवढ्यात नीट बघून होतं.

पहिला प्रश्न, हा भुंगेरा आहे का? पाठीकडून बघा. पाठीच्या बरोब्बर मधोमध एक सरळ रेघ दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडक झाकणं असली तर तो भुंगेरा. ही झाकणं म्हणजे पंखांची पुढची जोडी, ढालीसारखी टणक झालेली, उडायचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. म्हणून मराठीत या गणाला ढालपंखी म्हणतात आणि शास्त्रातलं नाव कोलिऑप्टेरा, ग्रीकमध्ये म्यान आणि पंख या दोन शब्दांवरून आलेलं, हे नाव पार ॲरिस्टॉटलच्या काळापासूनचं आहे. झुरळाचे पंख एकावर एक चढलेले असतात, ढेकण्याचा तोंडाचा भाग टोचून शोषणारा असतो, भुंगेऱ्याला मात्र चावायचे जबडे असतात. पिठात जाळी-जाळी झाली असेल आणि त्यात अळ्या असतील तर तो भुंगेरा नाहीच, तो पतंग, त्याचं प्रकरण वेगळं.

भुंगेऱ्यांच्या जवळजवळ 4 लाख जातींची आतापर्यंत नोंद झालीये. म्हणजे माणसाला माहीत असलेल्या प्राण्यांच्या दर चार जातींत एक भुंगेरा! एवढा पसारा लक्षात कसा ठेवायचा, तर चार उपगण आहेत, त्यातले दोन फार छोटे, ते आपल्या वाटेला येत नाहीत. तिसरा अ‍ॅडेफेगा, हे बहुतेक शिकारी, जमिनीवर पळणारे ग्राउंड बीटल, टायगर बीटल, तळ्यात बुडी मारणारे पाणभुंगेरे. आणि चौथा पॉलिफेगा, ज्यात दहातले नऊ भुंगेरे येतात, शेणकिडे, काजवे, लेडीबर्ड, भिरूड, हुमणीचे भुंगे आणि आपल्या स्वयंपाकघरातले सगळे. हो, काजवा पण भुंगेराच, माशी नाही.

आता नाक बघा. तांदळातल्या किड्याच्या डोक्यापुढे बारीक वाकडी सोंड दिसते ना, ती दिसली की तो सोंडा. सोंडवाल्यांचं हे घराणं प्रचंड आहे, एकट्या कर्क्युलिओनिडी कुळात 50 हजारांच्या वर जाती. सोंड म्हटलं की आपल्याला वाटतं तो डासासारखा शोषत असेल, पण तसं अजिबात नाही, सोंडेच्या अगदी टोकाला बारीक जबडे असतात आणि तो कुरतडतो. म्हणजे ती सोंड हे हत्यार आहे, लांब दांड्याची छिन्नी म्हणा. मादी तिनेच खड्डा करते. दुसरी खूण मिशीची. मिशीचा पहिला भाग लांब आणि मग ती कोपरातून हात दुमडावा तशी वाकते, आणि टोकाला छोटी गाठ. सोंड अधिक कोपरवाली मिशी म्हणजे खरा सोंडा.

अपवाद आहेत, लपवत नाही. झाडाच्या सालीत बोगदे करणारे बार्क बीटल याच कुळात मोडतात पण त्यांची सोंड जवळजवळ नाहीशी झालेली. आणि रताळ्यातला सोंड्या, जो मुंगीसारखा लांबट दिसतो, निळसर डोकं, लाल मान, त्याला सोंड आहे पण मिशी सरळ आहे, म्हणून त्याला शेजारच्या ब्रेंटिडी कुळात टाकतात. आषाढी एकादशीला रताळं कापलं आणि आत काळे बोगदे निघाले, चव कडू लागली तर हाच. तेवढा भाग कापून बाकीचं वापरू नका, त्याच्या खाण्यामुळे रताळं आपल्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं आणि ती आजूबाजूला पण पसरलेली असतात, सगळंच टाकून द्या.

परत तांदळाकडे येते. आपल्याकडचा नेहमीचा सोंडा म्हणजे सिटोफिलस ओरायझी, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, गडद तपकिरी, ढालपंखांवर चार तांबूस डाग (भिंगाखाली छान दिसतात, एकदा बघाच). मादी दाण्याला सोंडेने खड्डा करते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट द्रवाची बुच मारते, ती बुच दाण्याच्याच रंगाची, त्यामुळे आपल्याला दाणा एकदम चांगला दिसतो. आत अळी निघते, पांढरी, गुबगुबीत, पाय नसलेली. पाय कशाला हवेत, ती जन्मभर एका दाण्यातच राहते, आतून पोखरते, तिथेच कोष होते आणि पुरा सोंडा झाला की भोक पाडून बाहेर. आपल्या हवेत हे सगळं महिनाभरात उरकतं. एक मादी दोन-तीनशे अंडी सहज घालते आणि सोंडे पुढे चार-पाच महिने जगतात, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. आणि हो, हा उडू शकतो, म्हणून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात येतो. थंड देशांत याचा भाऊ आहे, सिटोफिलस ग्रॅनेरियस, त्याला उडताच येत नाही.

हे कळलं की निवडण्याचा भ्रम जातो. माझ्या सासूबाई कुडाळहून आलेला उकडा तांदूळ दर आठवड्याला सुपात घेऊन निवडायच्या आणि दर आठवड्याला तेवढेच सोंडे परत, त्या म्हणायच्या हे येतात तरी कुठून! येतात दाण्यातून. वर फिरणारे सोंडे हा अर्धाच हिशोब, बाकी आत. खात्री करायची असेल तर मूठभर तांदूळ पाण्यात टाका, पोकळ झालेले दाणे वर तरंगतात, ते नखाने फोडून बघा, कशात तरी अळी सापडतेच. ऊन दाखवलं तर फिरणारे सोंडे पळून जातात पण आतल्या अळीपर्यंत पुरेशी उष्णता पोचेलच असं नाही आणि तांदूळ कडक उन्हात तडकतो, शिजवला की कणी होते, म्हणून जुन्या बायका तांदूळ सावलीत पसरायला सांगतात ते बरोबरच आहे.

मग करायचं काय? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगला उपाय फ्रीझर. तांदूळ किलो-किलोच्या पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये पाच-सहा दिवस ठेवा, अंडं, अळी, कोष, सोंडा, सगळे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतली वाफ बसते, तांदूळ ओला होतो आणि पुढच्या सोंड्यांची सोय होते. एकदम दहा किलो कोंबू नका, मधला तांदूळ गार व्हायला फार वेळ लागतो. मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डबा काठोकाठ भरला तर आत हवा कमी राहते. मोकळा डबा असेल तर भरायच्या आधी तो धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घ्या, कडेच्या खाचेत राहिलेले चार दाणे पुढच्या पोत्याला पुरतात. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर सहा महिन्यांचं धान्य भरूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. दाण्यातला ओलावा वाढला की सोंड्याला मजा, आणि ठाण्याच्या पावसात ओलावा वाढणारच. जांभळी नाक्यावरून महिन्याचं आणा, वाशीच्या दाणा मार्केटमधून कट्टा आणायचाच असेल तर तो मार्च-एप्रिलमध्ये.

सोंडे लागलेला तांदूळ खाल्ला तर काय, असं विचारतात. सोंडा विषारी नाही, चावत नाही, रोग पसरवत नाही. पाखडून, दोन-तीनदा धुऊन घेतलेला तांदूळ खायला हरकत नाही.

पिठाची गोष्ट मात्र वेगळी. पिठात, रव्यात, बेसनात तांबूस, चपटा, सोंड नसलेला तीन-चार मिलिमीटरचा किडा दिसला तर तो तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, टेनेब्रिओनिडी कुळातला. या कुळाची एक मस्त खूण आहे, चिकाटी असेल तर भिंगाखाली पाऊल मोजा, पुढच्या दोन पायजोड्यांच्या पावलांना पाच-पाच सांधे आणि मागच्या जोडीला चारच. हा अख्खा दाणा फोडू शकत नाही, त्याला पीठ किंवा मोडलेला दाणा लागतो, म्हणून तो बरेचदा सोंड्याच्या मागून येतो, सोंड्याने पोखरलं की ह्याची पंगत बसते. अंडी सुट्टी पिठात घालतो, चिकट असल्याने त्यांना पीठ लागतं आणि ती दिसतच नाहीत. अळी बारीक, पिवळसर, पायवाली, शेपटीला दोन छोटे काटे. बारीक चाळणीने चाळलं तर मोठे निघतात पण अंडी खाली पडतात. आणि मुख्य म्हणजे हा क्विनोन नावाची द्रव्यं सोडतो, संख्या वाढली की पीठ गुलाबीसर दिसतं आणि उग्र वास येतो, असं पीठ टाकून द्यायचं, चाळून वापरायचं नाही. यात काटकसर करू नका. एक सांगायलाच हवं, हाच किडा प्रयोगशाळांचा लाडका आहे, 2008 मध्ये याचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, भुंगेऱ्यांमधला पहिला.

आता मूग, चवळी, वाल, हरभरा. अख्ख्या कडधान्याला गोल भोकं पडलेली आणि आत बुटका, तपकिरी, पाठीमागचं टोक उघडं राहिलेला किडा (ढालपंख पूर्ण अंग झाकत नाहीत, हीच ओळख) तर तो कॅलोसोब्रुकस. लोक यालाही सोंडा म्हणतात, इंग्रजीतही वर्षानुवर्षं त्याला सोंड्याचंच नाव होतं, पण याला सोंड नाहीये. हा पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या, म्हणजे क्रायसोमेलिडी कुळातला. मादी अंडं दाण्यात नाही तर दाण्यावर चिकटवते. मुगाच्या हिरव्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात ना, ती अंडी. ताजं अंडं पारदर्शक असतं, अळी खालच्या खाली सालीतून आत शिरली की मागे भुसा भरतो आणि अंडं दुधी पांढरं दिसायला लागतं. म्हणजे पांढरा ठिपका दिसला तर पाहुणा आत गेलाय. मोठा भुंगा धान्य खातच नाही, त्याला एक-दोन आठवड्यांचं आयुष्य, तेवढ्यात जोडी जमवायची आणि अंडी घालायची, सगळं खाणं अळीचं. बरेचदा अंडी शेतातच शेंगेवर पडलेली असतात, त्यामुळे दुकानदाराला बोलून उपयोग नसतो.

अंडं बाहेर आहे म्हणून इथे तेल चालतं! किलोभर मुगाला चमचाभर गोडंतेल किंवा एरंडेल चोळलं की अंड्याला हवा मिळत नाही, ते गुदमरतं, शिवाय गुळगुळीत दाण्यावर अंडी नीट चिकटत नाहीत. आमची आई वाल राखेत घोळवून ठेवायची, ते पण खरंच आहे, राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते, तो सुकून मरतो. आणि डाळ केली तर याचा त्रास बराच कमी होतो, अख्खा गोल दाणा त्याला जास्त आवडतो. तांदळाला तेल चोळून मात्र आत बसलेल्या अळीला काही होत नाही. बघा, उपाय किड्यागणिक बदलतो तो असा.

अजून दोन लक्षात ठेवा. गव्हात लांबट दंडगोल किडा, डोकं वरून दिसतच नाही, टोपीखाली दडलेलं, आणि डब्याच्या तळाशी पिठासारखा भुसा, तर तो ऱ्हायझोपर्था, दाणे पोखरणारा. आणि केसाळ, तपकिरी पट्ट्यांच्या अळ्या दिसल्या तर खापरा भुंगेरा, जगभरात याची धास्ती आहे कारण अळी उपाशी राहून महिनोन् महिने भेगांमध्ये दडून राहते, तो डबाच नाही तर मांडणीच्या फटी पण साफ करा.

आणि त्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नका, कोणी फुकट दिल्या तरी नको. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो, त्याला उतारा नाही, आणि फ्लॅटच्या भिंतीतून, डक्टमधून तो शेजाऱ्याकडे जाऊ शकतो. त्या बंद गोदामासाठी, शिकलेल्या माणसांसाठी आहेत. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात ठेवू नका. बोरिक पावडर मी स्वतः वापरत नाही, घरात लहान मूल आहे आणि फ्रीझर असताना तिची गरजच पडत नाही.

स्वयंपाकघराबाहेर पण डोळे उघडे ठेवा. मे महिन्यात आंब्याची कोय फोडली आणि आतून काळपट, खडबडीत भुंगा निघाला तर तो कोयीतला सोंड्या, स्टर्नोकीटस मँजिफेरी. फळाला भोक नसतं म्हणून लोक चकित होतात, हा आत गेला कुठून? अंडं कोवळ्या कैरीच्या सालीवर घातलेलं असतं, अळी गरातून मऊ कोयीत शिरते आणि फळ वाढता वाढता जखम भरून येते. याच किड्याच्या भीतीने अमेरिका आपला आंबा तसाच घेत नाही, 2007 पासून अट आहे की आंब्याला 400 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) विकिरण द्यायचं, आणि आपल्या वाशीला पणन मंडळाचं विकिरण केंद्र त्यासाठीच कामाला येतं. किडा लगेच मरतो असं नाही, पण त्याची वंशवाढ थांबते. कोयी जमवून बंद पिशवीत कचऱ्यात द्या, झाडाखाली टाकू नका.

सोसायटीत नारळ असेल तर दोघांत फरक करायला शिका. गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग, तो शेणखताच्या, कुजलेल्या पाल्याच्या ढिगात वाढतो आणि नारळाचा न उमललेला कोंब खातो, झावळी उमलली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. सोंड्या भुंगा तांबूस, लांब सोंडेचा, हा तांदळातल्या सोंड्याचा जवळचा नातेवाईक, पण अंगठ्याच्या पेराएवढा, नराच्या सोंडेवर केसांचा ब्रश. याची अळी खोडाच्या आत असते, बाहेरून कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, खोडातून तपकिरी द्रव आणि चघळलेला भुसा दिसला की ताबडतोब माहितगार माणूस बोलवा. गेंड्याने केलेल्या जखमेत सोंड्या अंडी घालतो, म्हणून पहिल्याचा बंदोबस्त म्हणजे दुसऱ्याचाही. खताचा खड्डा उपसून त्यातल्या पांढऱ्या, पायवाल्या अळ्या वेचणं हे काम माळ्याबरोबर मी दोन वर्षं केलंय, फरक पडतो.

सगळे सोंडे शत्रू नाहीत हेही सांगते. उल्हास नदीवर जलपर्णी पसरते ना, तिचा शत्रू निओकेटिना नावाचा सोंडाच आहे, दक्षिण अमेरिकेतला, 1980 च्या दशकात भारतात मुद्दाम आणून सोडलेला. तो जलपर्णीची पानं खरवडतो, अळी देठात शिरते.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती मुंगीसारखा केशरी-काळा, आखूड ढालपंखांचा किडा अंगावर बसला तर त्याला मारू नका, फुंकर घाला किंवा कागदाने उडवा. याला लोक ॲसिड फ्लाय म्हणतात, पण हा पीडेरस नावाचा भुंगेरा आहे. चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन त्वचेला लागतं आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

आणि येऊरला जाणार असाल तर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, किडा पकडून आणायचा नाही, फक्त फोटो. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे, पहिल्या दोन पावसांनंतर रात्री झाडांवर हुमणीचे भुंगे, पानं गुंडाळून त्यात अंडं ठेवणारे सोंडे, हे सगळं एका वाटेवर दिसू शकतं. एक फोटो पाठीकडून, एक बाजूने, म्हणजे सोंड आणि मिशी येईल, एक पायांचा, आणि शक्य असेल तर तो बसलेल्या झाडाचा, कारण बरेच सोंडे एकाच झाडाला धरून असतात आणि झाड कळलं की अर्धी ओळख पटते. तारीख आणि जागा लगेच लिहून ठेवा, घरी येऊन लिहू म्हटलं की विसरतं. घरातल्या किड्याचा फोटो काढताना शेजारी तांदळाचा एक दाणा ठेवा, त्याने माप कळतं, मग ग्रुपवर टाका, मी बघते.